उपासाले चालते

अमरावती, ८ ऑगस्ट २०२४

शालू,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहितात. तो लिहायचा मला हक्क आहे की नाही हे ठरेना, म्हणून जागा सोडली आहे. कामापुरतं लिहितो. फोन तू उचलत नाहीस, आणि उचलला असतास तरी मला नीट बोलता आलं नसतं.

मागच्या आठवड्यात राजापेठेच्या घरी डॉ. वर्षाली इंगोले म्हणून एक बाई आल्या होत्या. त्या औषधशास्त्र शिकवतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लोक ताकदीच्या पावडरी, वजन उतरवायच्या गोळ्या, व्हिटॅमिनं घेतात, त्यावर त्यांचा अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत अभ्यास चालू आहे. गोळीत लिहिलं आहे तेच आहे का, लोक ती कशी घेतात, कोणाला त्रास झाला का. दवाखान्याच्या कागदांत त्यांना तुझ्या वहिनीचं, मनकर्णाचं, नाव मिळालं. वय ५४, कावीळ, यकृत निकामी, दाखल केल्यापासून बाराव्या दिवशी मृत्यू. कारणाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह आहे. ते प्रश्नचिन्ह मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यांना तू विकायचीस त्या हिरव्या झाकणाच्या बरण्या तपासायच्या आहेत. मनकर्णाची बरणी माझ्याकडे आहे, तिच्यात अकरा गोळ्या उरल्या आहेत. पण ती उघडी आहे. त्यांना त्याच बॅचची सीलबंद हवी. बॅच नंबर तळाशी छापलेला असतो. तुझ्याकडे शिल्लक असेल तर फेकू नकोस. मॅडम अकोल्याला जुन्या शहरात तुझ्या घरी येतील. त्यांना खरं ते सांग.

दुसरी गोष्ट. पियुषने आईच्या मृत्यूबद्दल पोलीस तक्रारीचा अर्ज तयार करून पुण्याहून पाठवला आहे. त्यात एक वाक्य असं आहे की ‘माझ्या बहिणीने नवरात्राच्या उपवासात उपाशीपोटी गोळ्या घेण्यास सांगितले.’ खाली सही माझी लागणार, कारण त्या दिवसांत घरात मीच होतो. पियुष पितृपक्षात येणार आहे, तेव्हा तो अर्ज देऊ म्हणतो. मी अजून सही केलेली नाही.

तेरवीच्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणालो की शालूच्या गोळ्यांनी माझं घर गेलं. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. जानेवारीत तू तिवशाला गेली होतीस आणि आईने तुला दारातून परत पाठवलं, हे सूर्यभानमामांनी सांगितलं. तसं करायला मी आईला सांगितलं नव्हतं.

१९ तारखेला राखी आहे. वर्ष झालेलं नाही, घरात सण नाही. तेव्हा पाठवू नये.

सहदेव


अमरावती, २७ ऑगस्ट २०२४

शालू,

वर्षाली मॅडम अकोल्याहून परत आल्या. तू दोन सीलबंद बरण्या दिल्यास आणि तुझी वहीही दिलीस, असं त्या म्हणाल्या. एकतीस बायकांची नावं, कोण कधीपासून घेते, कोणी किती दिवस घेतली, कोणाला मळमळ झाली, सगळं तारखेनिशी. “काका, इतकी नीट नोंद मला या अभ्यासात कोणाकडेच मिळाली नाही,” असं म्हणाल्या. तुझं अक्षर अजून तसंच उजवीकडे पडतं, हे मी वहीच्या फोटोत पाहिलं.

गोळ्यांचं काम तू तेरवीनंतरच बंद केलंस, आणि आता जावई शेखररावांबरोबर भाजीच्या गाडीवर बसतेस, हेही त्यांच्याकडून कळलं. त्या घर शोधत होत्या तेव्हा गल्लीतल्या एका बाईने विचारलं म्हणे, “कोन शालू? ते जहरवाली काय?” मॅडमनी मला हे का सांगितलं ते समजलं नाही. त्या उगाच बोलणाऱ्यांतल्या वाटत नाहीत.

नंतर त्यांनी माझी मुलाखत घेतली. छापील फॉर्म होता. मी आठवतं तसं लिहितो.

“काकू कोणती औषधं घेत होत्या?”

“कोणतीच नाही.”

“बीपी, शुगर, थायरॉइड?”

“काहीच नाही.”

“आणि या गोळ्या?”

“त्या औषध नव्हत्या. ती पत्ती होती.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. घरात आपण सगळे त्यांना पत्तीच म्हणायचो. चहाच्या पत्तीच्या गोळ्या, म्हणून पत्ती. मनकर्णा म्हणायची, “पत्ती घेतली का नाई मी, ध्यानातच नाई.” दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “काही दवाई चालू आहे का?” मी म्हणालो, नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी तेच विचारलं, तेव्हाही नाही म्हणालो. खोटं बोललो नव्हतो. चार दिवस ते काविळीच्या तपासण्या करत राहिले. पाचव्या दिवशी तू अकोल्याहून आलीस आणि पिशवीतून बरणी काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलीस. “हे चालू होतं वहिनीचं,” म्हणालीस. गोळ्यांचं नाव त्या दवाखान्यात पहिल्यांदा घेतलं ते तूच. आणि ते घेतल्यामुळेच सगळ्यांना कळलं की गोळ्या कोणाच्या.

मॅडम म्हणाल्या की चूक प्रश्नाची आहे. “औषध घेता का, असं विचारलं की लोक नाहीच म्हणतात. आम्ही आता विचारतो, जेवणाशिवाय तोंडात काय काय जातं?”

फॉर्ममध्ये ‘सल्ला कोणी दिला’ असा रकाना होता. डॉक्टर, विक्रेता, नातेवाईक, जाहिरात. मॅडमनी विचारलं, “शालूताई विक्रेत्याही आहेत आणि नातेवाईकही. कुठे खूण करू?” मी म्हणालो, विक्रेता.

पुढचा प्रश्न होता, बरणीवरच्या सूचना कोणी वाचल्या होत्या का. मी सांगितलं, अक्षरं फार बारीक होती.

तेहेतीस वर्षं मी तिवसा तालुक्यात कृषी सहायक होतो. फवारणीच्या डब्यावरचा त्रिकोण कोणत्या रंगाचा, किती पाण्यात किती मिली, फवारल्यावर किती दिवस भाजी तोडायची नाही, हे लोकांना वाचून दाखवणं माझं काम होतं. हे मी मॅडमना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

सहदेव


अमरावती, १९ सप्टेंबर २०२४

शालू,

तपासणीचा अहवाल आला. तुला तो कळवणं माझं काम आहे, कारण बरण्या तुझ्या होत्या.

शिसं नाही, पारा नाही. स्टेरॉइड नाही. चोरून घातलेलं कोणतंही औषध नाही. हिरव्या चहाचा अर्क आहे आणि तो लेबलवर लिहिला आहे त्यापेक्षा किंचित जास्त, पण चालेल इतका. तू दिलेली बरणी आणि मनकर्णाची बरणी एकाच बॅचची आणि दोन्हींत एकच माल. म्हणजे तू विकलंस ते अस्सल होतं.

मला भेसळ हवी होती. पियुषलाही. अहवाल फोनवर वाचून दाखवला तर तो म्हणाला, “मग आई कशानं गेली, बाबा? उगाच गेली का?” मी म्हणालो, मॅडम सांगतील.

मॅडम काल दुपारी स्वतः आल्या होत्या. ओट्यावर खुर्च्या टाकून बसलो. त्यांनी जे सांगितलं ते असं. चहा वेगळा आणि अर्क वेगळा. एका गोळीत कित्येक कप चहाचं सत्त्व एकवटलेलं असतं. पोटात अन्न असलं तर ते हळूहळू आणि कमी उतरतं. पोट रिकामं असलं तर तेच रक्तात फार जास्त जातं, आणि एखाद्याच्या यकृताला ते सोसत नाही. सगळ्यांना होत नाही, थोड्यांना होतं. कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. मनकर्णाने श्रावणापासून दीड-दोन महिने जेवणानंतर गोळी घेतली तेव्हा काही झालं नाही. नवरात्रात नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ रिकाम्या पोटी घेतली आणि दसऱ्यानंतर चार दिवसांत डोळे पिवळे झाले.

“म्हणजे गोळीनेच झालं, हे निश्चित?” मी विचारलं.

“संभाव्य, असं लिहीन मी. निश्चित म्हणायला आमच्याकडे फार पुरावा लागतो.” मग म्हणाल्या, “काका, मला कोणाला दोषी धरायचं नाही. पण ३ ऑक्टोबरला घट बसतील. त्याआधी मला दोन्ही जिल्ह्यांत एक पत्रक वाटायचं आहे, की या गोळ्या उपासात घेऊ नका. त्यासाठी कळायला हवं की काकूंनी त्या उपासात का घेतल्या. शालूताईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘दादाले विचारा.’ एवढंच. काकूंचा फोन आहे का? त्यात काही मेसेज असतील.”

फोन कपाटात आहे, चार्ज करून पाहतो, असं मी म्हणालो.

तेवढ्यात शेजारच्या मैनाबाई आल्या. त्यांना तू ओळखतेस. नवरात्रात पहाटे मनकर्णाबरोबर अनवाणी अंबादेवीला जायच्या त्या. मॅडम कोण, कशासाठी आल्या, हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “हे बरं झालं बाई, तुमी भेटल्या. मले यंदाबी घ्याचं हाय. शालूबाईनं त बंद केलं, आता ते बरनी भेटते कुठी?”

मी म्हणालो, “मैनाबाई, उपासात घेऊ नका.”

“कावून?”

“बरं नसतं ते.”

“आता कावून बरं नसते वो भाऊ? तुमीच त सांगतलं होतं ना मनकर्णाबाईले, याच ओट्यावर. चाय उपासाले चालते, मंग चायपत्तीची गोळी कावून नाई चालनार म्हणून. म्या आयकलं ना. म्या तवाच त सुरू केली उपासात. मले त काई झालं नाई बाप्पा.”

मॅडम चपला घालायला उठल्या होत्या. त्या तशाच थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. फॉर्म पिशवीत होता, तो त्यांनी काढला नाही. “काका, मी पुढच्या आठवड्यात येते,” म्हणाल्या आणि गेल्या.

मैनाबाईंच्या ऐकण्यात चूक नव्हती.

सहदेव


अमरावती, २५ सप्टेंबर २०२४

शालू,

फोन चार्ज केला. उघडायची खूण मला माहीत होती, ती माझ्यासमोरच बोट फिरवायची. तुझे आणि तिचे आवाजी मेसेज सगळे आहेत. बरेचसे भाजी, पियुषचं लग्न आणि गुडघे याबद्दल. मी ते सगळे ऐकले नाहीत. ऐकले ते तीन.

पहिला तुझा. १४ ऑक्टोबर, घटाच्या आदल्या दिवशीचा. “वहिनी, उद्यापासून उपास ना तुमचा? मंग पत्ती बंद ठेवजा नऊ दिवस. जेवन नाई त गोळी नाई. आमाले ट्रेनिंगमधी सांगतलं हाय. दसऱ्यापासून घेजा पुन्हा.”

दुसरा तिचा, दुसऱ्या दिवशी सकाळचा. मागे मंदिराचा भोंगा ऐकू येतो. “शालूबाई, तुमचे दादा म्हणते चालते. त्यायनं भिंग घेऊन लेबल वाचलं सगळं. त्यायले जास्त समजते ना वो. वजनही चार किलो उतरलं हाय, मधातच कायले सोडू?”

तिसरा तुझा. “दादा म्हणत असन त ठीक हाय वहिनी.”

म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं. दवाखान्यात माहीत होतं, तेरवीला माहीत होतं. मी इतके दिवस समजत होतो की हे फक्त मला आणि मनकर्णाला माहीत आहे.

आता जे झालं ते लिहितो. दुसऱ्या कोणाला सांगण्याआधी तुला सांगायला हवं होतं.

तुझा मेसेज तिने मला ओट्यावर ऐकवला. “शालू म्हणते बंद ठेवा. तुमी काय म्हणता? जेवनच नाई त घेऊ कवा?” मी चष्मा लावला, वरून भिंग धरलं. पहिल्यांदा हिरवा ठिपका पाहिला, म्हणजे शाकाहारी. मग घटक वाचले. धान्य नाही, मीठ नाही, कांदा-लसूण नाही. मी तेवढ्यासाठीच वाचत होतो. मला प्रश्न विचारला होता की उपासाला चालते का, आणि उपासाला न चालणारं त्यात काही नव्हतं. चहा चालतो तर हीही चालते, असं मी म्हणालो. “सकाळी चहाबरोबर एक घे, संध्याकाळी भगरीच्या आधी एक घे.” संध्याकाळी वाटीभर भगर खायची ती. आधी घे, असं का म्हणालो ते आठवत नाही. सुटसुटीत वाटलं असेल.

मॅडमना मी सांगितलं की अक्षरं बारीक होती. बारीक होती, पण वाचली होती. घटकांच्या खाली इंग्रजीत लिहिलं होतं की जेवणानंतर घ्यावी, उपाशीपोटी घेऊ नये. ते वाक्य मी मनकर्णाला मराठीत करून सांगितलंही. आणि म्हणालो की कंपन्या अंगावर येऊ नये म्हणून असं छापून ठेवतात, फवारणीच्या डब्यावरही असतं, कोण पाळतं. मग म्हणालो, “दहावी नापास शालू. तिले ट्रेनिंग देल्लं म्हणे!” मनकर्णा हसली. बहिणीची थट्टा म्हणून मी तसं बोललो असं नाही. तू मला न विचारता एका गोष्टीतलं माझ्यापेक्षा जास्त शिकून आलीस, ते मला आवडलं नव्हतं.

बाबांनी मला शिकवलं आणि तुला मळ्यात निंदणाला ठेवलं. तू सातवीत असताना मीच बाबांना म्हणालो होतो की हिला कशाला पुढे पाठवता, हिचं डोकं चालत नाही. तू नंतर हट्टाने दहावीपर्यंत गेलीस. हे तुला माहीत आहे की नाही, माहीत नाही. आज लिहायला बसलो म्हणून तेही लिहिलं.

तेरवीला तू का बोलली नाहीस? हे मेसेज तुझ्याही फोनमध्ये होते. तेव्हा तूच तिसरा मेसेज पाठवला होतास, म्हणून तुला वाटलं असेल की दोष आपलाही आहे. मी तसा धरत नाही. उत्तर द्यायला पाहिजे असं काही नाही.

पियुष शनिवारी येतो आहे. अर्ज घेऊनच येईल.

सहदेव


अमरावती, ७ ऑक्टोबर २०२४

शालू,

काल तुझ्याकडे येऊन गेलो, तेव्हा बोलण्यासारखी स्थिती नव्हती. म्हणून झालेलं सगळं लिहितो.

पियुषला त्याच्या आईचं पान वाढून झाल्यावर सांगितलं. तिन्ही मेसेज ऐकवले. आईचा आवाज त्याने अकरा महिन्यांनी ऐकला. दोनदा ऐकला. मग म्हणाला, “तुम्ही आत्याला घरातून काढलं, बाबा. मी मित्रांना सांगत फिरलो. ऑफिसात सांगितलं.” पाठोपाठ विचारलं, “हा अर्ज तुमच्याविरुद्ध करू का मग?” मी म्हणालो, करता येत असेल तर कर. त्याने अर्ज फाडला नाही. घडी करून बॅगेत ठेवला आणि संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला गेला. सोमवारपर्यंत राहणार होता. त्यानंतर फोन नाही.

वर्षाली मॅडमनी नवा फॉर्म भरला. ‘सल्ला कोणी दिला’ यापुढे नातेवाईक, आणि कंसात पती. ‘विक्रेत्याने काय सांगितलं’ यापुढे तुझा मेसेज जसाच्या तसा उतरवला. मी सही केली. पत्रकही निघालं. त्यात ‘औषध’ हा शब्द नाही. वर मोठ्या अक्षरांत छापलं आहे, ‘चहा उपासाला चालतो, चहाच्या अर्काची गोळी चालत नाही.’ वाक्य त्यांनी माझ्याच बोलण्यावरून घेतलं, मला विचारून.

तुझ्या वहीतल्या एकतीस बायकांना मॅडम फोन करणार होत्या. राजापेठेतल्या सहा मी घेतल्या. घटाच्या आदल्या दिवशी घरोघरी गेलो. मैनाबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, “एकडाव म्हणता चालते, एकडाव म्हणता नाई. आमी आयकावं त कोनाचं भाऊ?”

मी म्हणालो, शालूचं.

त्यांनी कुठून तरी आणलेली बरणी माझ्याकडे दिली. बाकीच्या पाच जणींपैकी दोघी घेतच नव्हत्या. एकीने ऐकून दार लावलं. तिने बंद केली की नाही ते कळलं नाही.

मग काल रविवारी तुझ्याकडे. तुझ्या सासूबाई माणिकबाई मेथी निवडत होत्या, शेखरराव गाडी धूत होते, तू पालकाच्या जुड्या बांधत होतीस. मी ठरवून गेलो होतो तेवढं उभ्यानेच बोललो. चालते म्हणून सांगणारा मी, शालूने बंद ठेव म्हटलं होतं, तेरवीला मी खोटं बोललो. शेखररावांनी नळ बंद केला. माणिकबाई म्हणाल्या, “वरीसभर पोरीनं खालची मान वर नाई केली. आन् तुमी आता येऊन राहिले सांगाले.” बरोबर होतं ते.

तू जुडी बांधायची थांबली नाहीस. “तू चाळीस मानसायपुढं म्हटलं होतं दादा,” म्हणालीस. “अथी त आमी तिघंच हावो.”

मी परत बस धरली. रस्त्यात आठवून तेरवीला कोण कोण होतं त्याची यादी केली. एकेचाळीस होते, एक वारले. आज चार जणांना सांगितलं. नात्यातले दोघे म्हणाले की आता कशाला उकरता. मी म्हणालो, मला सांगितलं आहे.

सहदेव


तिवसा, १३ ऑक्टोबर २०२४

शालू,

एकोणतीस झाले. आज तिवशाला आलो. सूर्यभानमामा, मळ्याकडचे तिघे आणि मग आई.

आईला आता ऐकू कमी येतं. मला ते मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे शेजाऱ्यांनीही ऐकलं. तिने पहिल्यांदा विचारलं, “कोन म्हणे चालते?” मी म्हणालो, मी. “आन् शालू काय म्हणे?” शालू म्हणे बंद ठेवा. तिने तिसऱ्यांदा विचारून घेतलं. 

नंतर म्हणाली, फोन लाव. तुला तीनदा लावला. मग म्हणाली, “लिव. मी सांगतो तसंच लिव. तुह्या मनचं काई घालू नको.” पुढचं तिचं आहे. मी काही गाळलेलं नाही.

शालू, मी माय बोलून राहिली. लिवनारा सहदेव हाय. याचं तोंड पाहाची इच्छा नाई मले आज, पन मले लिवता येत नाई, म्हणून बसोलं याले. माह्या एका लेकराले शिकोलं आन् एकाले नाई, त मले वाटे जो शिकला तो खरं बोलते. जानेवारीत तू आली. उन्हात उभी होती. मी दार उघडून तुले पाह्यलं आन् लावून घेतलं. पानी नाई देल्लं. तू काई सांगाले तोंड उघडलं होतं, म्या पाह्यलं ते, आन् तरी लावलं. याचं आयकलं होतं ना म्या. तुले इचारलं नाई. त्या दिवशी तू काय म्हणनार होती, ते येऊन सांग. मले कमी आयकू येते, जोरानं सांगजो.